एका वर्षाची अट

बुधवार, २१ जानेवारी

प्रिय नेल्स,

तीन वर्षं तुला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, त्याबद्दल आधी माफी मागते. कारणं पुष्कळ आहेत, पण कागदावर उतरवायला घेतली की ती मलाच पटत नाहीत. दर नाताळला कार्ड आणलं, पत्ता घातला, आणि 'इथे सगळं ठीक' असं लिहायची वेळ आली की हात थांबायचा. शनिवारपासून तुझ्या फोनवर दोनदा निरोप ठेवला. 'फोन कर' एवढंच म्हणाले. कशासाठी, ते यंत्राला सांगवलं नाही. तुझं जहाज दुलूथच्या धक्क्याला लागलं असेल आणि सरोवराचा बर्फ फुटेपर्यंत तू नेहमीच्याच खोलीवर राहत असशील, असं धरून हे पत्र पाठवते आहे. स्वतःच आले असते, पण बाबांना एकटं सोडून चार तास गाडी हाकायचं धाडस होत नाही.

बाबांनी डायलिसिसला जाणं बंद केलं आहे. शनिवारी गेले नाहीत, काल मंगळवारीही गेले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडा, दोन आठवडे, कधीकधी थोडं जास्त. त्यांना वेदना फारशा होणार नाहीत, असंही म्हणाल्या, जणू माझीच समजूत घालत होत्या. आत्ता दुपार आहे आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत झोपलेत. बाहेर क्रॅनबेरीच्या वाफ्यांवरच्या बर्फावर ट्रक वाळू पसरतायत. त्या आवाजात त्यांना झोप चांगली लागते. रविवारी त्यांनी बटाट्याची पातळ पोळी, लेफ्से, मागितली, भरपूर लोणी लावून. दोन वर्षं, डायलिसिस सुरू झाल्यापासून, त्यांना बटाटा वर्ज्य होता. मी केली आणि वाढली. ते बोटं चाटत होते आणि मला कळत नव्हतं की मी त्यांना जेवू घालते आहे की निरोप देते आहे.

हे कसं झालं, ते सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण त्यात माझा अभ्यास आहे. कागदाची गिरणी बंद होऊन नोकरी गेल्यावर मी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. प्राप्तिकराचा दुसरा भाग, म्हणजे कंपन्या, भागीदाऱ्या, वारसा आणि बक्षीस. लोकांची विवरणपत्रं भरून देण्याचा परवाना काढावा, एवढाच हेतू. प्रुझिन्स्की नावाचे निवृत्त करसल्लागार शिकवतात. पहिल्याच दिवशी म्हणाले की कंपनी मरत नाही, भागीदारी भांडणानं मरते, माणूस मात्र हमखास मरतो, म्हणून त्याला शेवटी घेतलंय. वर्गात मी सगळ्यांत म्हातारी. बाकीची मुलं हसली आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.

डायलिसिसला जाता-येता गाडीत मी बाबांना धडे सांगायचे. दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला काही समजत नाही, हे तुला माहीत आहे. ते पट्टा लावून बसायचे आणि शाळेत कधी नव्हते इतक्या लक्षानं ऐकायचे. कंपनीच्या नफ्यावर एकदा कर आणि तोच नफा भागधारकाच्या हाती आला की पुन्हा कर, हे ऐकून ते बराच वेळ खूश होते. म्हणाले, एकाच कोंबडीला दोनदा कापायचं म्हणजे कसब लागतं. भागीदारीचा धडा त्यांना आवडला नाही. दोघांतला एक गेला की भागीदारी संपते, उरलेल्याची एकट्याची होत नाही, असं मी सांगितलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. आई गेल्यापासून त्यांनी तिची गमबुटं दारातून हलवलेली नाहीत. मी पुढचा धडा घेतला.

मग आला बक्षिसाचा धडा. तुला ठाऊक नसेल, पण तू गेलास त्याच वसंतात बाबांनी मळा माझ्या नावे केला. इथे सगळे करतात तसंच, काउंटीच्या कचेरीत, एका डॉलरला. आजोबांनी त्यांना तसाच दिला होता. मरणानंतर कोर्टाचे हेलपाटे नकोत, हे आपल्याकडचं शहाणपण. तो डॉलर त्यांनी पुढच्या चौकातल्या हॉटेलात रुबार्बचा 'पाय' हा गोड पदार्थ खाल्ल्यावर वाढपी मुलीसाठी टेबलावर ठेवला. म्हणाले, मळा विकून आलोय, हात सैल सुटलाय.

धड्यात लिहिलं होतं की जिवंतपणी दिलेली जमीन आपली जुनी किंमत बरोबर घेऊन येते. म्हणजे आजोबांनी जे मोजलं, तेच अजून माझ्या नावापुढे. उद्या मी मळा विकला, तर तेव्हाच्या आणि आताच्या किमतीतल्या सगळ्या फरकावर कर. तीच जमीन मालक मेल्यावर वारसाला मिळाली, तर जुनी किंमत पुसली जाते आणि मरणाच्या दिवसाचा भाव हीच नवी किंमत धरतात. मग विकली तरी कर जवळजवळ नाही. प्रुझिन्स्की म्हणाले, करखात्यापुरता तरी माणूस मेल्यावर कोरा होतो.

शेजारचा ड्वोरॅक आपला मळा मागतोय. वाफे, पाण्याचे बांध, सगळं. मला एकटीला ओढवत नाही, आणि बाबा कुबड्या घेऊन बांधावर जातात ते बघवत नाही. विकायचं आमचं ठरलंच होतं. तेव्हा मला कल्पना सुचली. बाबा आजारी आहेत, त्यांचं मृत्युपत्र माझ्याच नावे आहे. मी मळा त्यांना परत बक्षीस दिला, तर कधीतरी, पुढे, तो माझ्याकडे कोरा होऊन येईल. यात लपवाछपवी काही नाही, सगळं उघड. नोव्हेंबरात आम्ही पुन्हा कचेरीत गेलो आणि पुन्हा तोच गोड पदार्थ खाल्ला. मी इतकी खूश होते, नेल्स, की वर्गात सांगायचं फक्त राहिलं.  परत येताना फाट्याशी आल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्या मरणाला चांगला भाव आला म्हणायचा." मी हसले. तेही हसले. त्या हसण्यात मला काही ऐकू आलं नाही.

गेल्या शनिवारी पहाटे मी ट्रक गरम करून दाराशी आणला, तर ते कोट न घालताच बसलेले. थकलो, म्हणाले. थकतातच, म्हणून मी जास्त बोलले नाही. दुपारी मात्र मला म्हणाले की ड्वोरॅकला सांग, मार्चपर्यंत कळ काढ. ते अगदी सहज बोलले, जसं पाणी कधी सोडायचं ते सांगतात. मी ताटं विसळत होते. नळ बंद केला, आणि मार्चपर्यंत आपण नसू असा हिशेब त्यांनी केलाय, हे कळलं.

रविवारी मी परीक्षेसाठी तोच धडा पुन्हा उघडला. त्याच्यापुढे, एका पानावर, ते होतं. आजारी माणसाला जमीन बक्षीस द्यायची, तो मेला की तीच वारसाहक्कानं परत घ्यायची, ही युक्ती माझ्याआधी पुष्कळांना सुचली होती, आणि कायद्यानं तिचा बंदोबस्त करून ठेवलाय. घेणारा बक्षिसापासून वर्षाच्या आत मेला आणि जमीन देणाऱ्याकडेच परत आली, तर काही पुसलं जात नाही. जुनी किंमत तशीच. म्हणजे बाबा आत्ता गेले, तर कशासाठीच नाही. मळ्याचं एवढंही भलं होणार नाही. त्यांना येत्या नोव्हेंबरापर्यंत जगायला हवं, असं कायदा म्हणतो. वाचताना मला आनंद झाला, हे लिहायची लाज वाटते. मला वाटलं, आता मी त्यांना उठवीन.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कायदा काय तुझी आई आहे, माझी काळजी करायला?" मी पुस्तक आणून दाखवलं. चष्मा न लावताच ते म्हणाले की नोव्हेंबरात हेच पुस्तक वेगळं बोलत होतं. मी प्रुझिन्स्कींना विनवलं, त्यांनी सोमवारी फोन केला आणि नियम शब्द न् शब्द वाचून दाखवला. बाबांनी अदबीनं आभार मानले, त्यांच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि फोन ठेवून मला म्हणाले की त्या बिचाऱ्यालाही पढवलंस. मग माझा हात धरला. "तुझं माझ्यावर फार प्रेम आहे, मारित. असल्या माणसाची साक्ष कुणी धरत नाही."

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करते आहे. कर हे त्यांचं कारण आहे, की नुसतं निमित्त? आठवड्यातून तीनदा ती सुई, ती खुर्ची, येताना तोंडाला येणारी ती धातूची चव, कुणाला नको होणार नाही? थकले असतील तर तो त्यांचा हक्क आहे, आणि मी तो मान्य करीन, मला जमलं तर. पण डिसेंबरात त्यांनी स्वतः फोन करून वाळूचे ट्रक ठरवले. वाळू बर्फावर पसरायची, वसंतात बर्फ वितळला की ती वेलींवर बसते, आणि तिचं फळ दिसायला तीन हंगाम जातात. मरायला निघालेला माणूस वाळू कशाला मागवील? मग वाटतं, ड्वोरॅकला चांगला मळा द्यावा म्हणूनही मागवली असेल. ते तसेच आहेत. मी खिडकीतून वाळू बघते आणि तिला विचारते, आणि ती पडत राहते.

आता तुला का लिहिते आहे ते सांगते. काल ते म्हणाले की या घरात खरं फक्त नेल्स बोलला. आईच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरात, सगळ्यांसमोर ताट हातात घेऊन तू त्यांना म्हणालास की तुम्हाला तिच्यापेक्षा वाफे प्यारे होते. आणि तू तसाच निघून गेलास. काल म्हणाले, त्याला माझी भीडही नाही आणि दयाही नाही. त्यानं सांगितलं असतं तर मानलं असतं. म्हणून तू त्यांना फोन कर. स्वयंपाकघरातला जुना फोन अजून चालतो, नंबर तोच आहे. गोड बोलू नकोस, नाहीतर त्यांना संशय येईल. एवढंच सांग की आत्ता मरून काही वाचत नाही, वर्ष भरायला हवं. मग ते थकले म्हणाले, तर मला कळेल की ते खरंच थकलेत, आणि मी त्यांचा कोट परत खुंटीला लावीन. पण तुला सगळं सांगितल्याशिवाय तुझ्याकडून हे मागणं बरोबर नाही. ती अट फक्त जमीन माझ्याकडे परत आली तरच लागते. त्यांनी मृत्युपत्र बदलून मळा तुझ्या नावे केला, तर वर्ष भरायची गरज नाही. जुनी किंमत पुसली जाईल, आणि ते या आठवड्यात समाधानानं जातील. वकील घरी येऊन तासाभरात ते काम करून देईल. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यांचा जीव हवा म्हणून सांगितलं नाही की मळा हवा म्हणून, हे मी स्वतःला खूपदा विचारलं, आणि शपथेवर सांगता येईल असं उत्तर सापडलं नाही. म्हणून ते तुझ्या हाती देते. तू त्यांना हेही सांगितलंस तर मळा तुझा होईल, मी हरकत घेणार नाही, आणि तुला दोषही देणार नाही. फक्त फोन कर, नेल्स. टपालाची गाडी वळणावर दिसते आहे. हे आत्ताच तातडीच्या टपालानं जाईल.

तुझीच,
मारित

ता. क. उद्या गुरुवार, डायलिसिसचा वार. पहाटे ट्रक गरम करून दाराशी लावणार आहे.