स्टेअरिंगमधली सुतळी

मच्छिंद्र,

एकाहत्तरला तुझ्या छबूआत्याच्या लग्नात ही जुनी जीप दारात आली, तेव्हापासून असला येडेपणा घरात कुणी केला नव्हता. सकाळी स्टेअरिंग उजवीकडे वळवलं, ते परत येईना. पुढची चाकं जॅकवर उचलली, खालचे रॉड सोडवले, तरी घट्टच. मग तू बसवलेला स्टेअरिंगचा बदली दांडा उघडला. आत सुतळी! बैलगाडीचं चाक लटपटलं की आसाला गुंडाळतो, तशी दांडा धरणाऱ्या सैल बुशाला गुंडाळलीस? काल गाडी धुतलीस, पाणी आत गेलं आणि सुतळी फुगून बसली. दांडा बसवलास तेव्हा विचारलं, तर म्हणालास, "आबा, लोण्यावानी फिरतंय."

समोर असतास तर हात उचलला असता, म्हणून लिहितोय. दांडा घेऊन मी नगरला टर्नरकडे नवा बुश करून घ्यायला चाललोय. सूनबाईला आणि बाळाला कोपरगावला एसटीनेच ने. याच गाडीत बसवून नेणार होतास ना त्यांना?

जुना दांडा का बदलला, हे तुला मी सांगायला पाहिजे का? तो कारखान्याच्या वळणावर निसटला आणि तुझा चुलता सहादेव गेल्या पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, जागीच गेला.

आबा