‘स्लीपलेस’चे दाखले

प्रिय संपादक,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सत्तावीस वर्षांतलं पहिलंच, पण अक्षर पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं. लिहिलंयस, की चार महिने झोप नाही, गोळीनं नुसत्या पापण्या मिटतात, आत टक्क जाग असते. आणि विचारलंयस, “तू त्या वर्षी तग कसा धरलास?” मी तग धरला असं तुला वाटतं तर! कोर्टात तर तू नेमकं उलटं सिद्ध केलं होतंस.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तू ‘एस’ या अक्षराचा संपादक आणि मी तुझी टंकलेखिका. लेक झाली तेव्हा तुझं काम नेमकं ‘स्लीप’पाशी आलं होतं; शब्दाखाली छापायची उदाहरणवाक्यं, म्हणजे दाखले, तू गोळा करत होतास. पलीकडच्या टेबलावरचे मुद्रितशोधक म्हणालेसुद्धा, “संपादकांच्या घरी दाखलाच जन्मला की!” सगळे हसले, मीही हसले. चारच महिन्यांत मी पुन्हा कामावर आले ती तिला खांद्यावर टाकूनच, आणि जेवणाच्या सुट्टीत तू मला ‘स्लीपलेस’ समजावलास. डब्याला हात न लावता बोलत होतास. “लोक इथंच फसतात. यातला लेस म्हणजे कमी नव्हे. हा हजार वर्षांपूर्वीचा, लूजच्या भावकीतला शब्द. लेस म्हणजे विरहित, सुटलेला. स्लीपलेस माणसाला झोप कमी पडत नाही, तो झोपेतून सुटलेलाच असतो.” इन्सॉम्नियाला तू मागाहून आलेला लॅटिन पाहुणा म्हणायचास. त्या जुन्या लेसचा ‘खोटा’ असाही एक अर्थ होता, हे तू जाता जाता सांगितलंस. मी पोरीची पाठ थोपटत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, किती हुशार आहे माझा नवरा!

तिचा कान सारखा फुटायचा, म्हणून मी अर्धा दिवसच काम करून घरी यायची. सात-आठ महिने ती रडली आणि मी जागले. तू कचेरीतल्या कोचावर निजायचास, कारण कोशाला ताजं डोकं लागतं. दुपारी इस्त्रीचा सदरा घालून घरी यायचास, समोर बसायचास आणि विचारायचास, “आज कसं वाटतंय? नेमकं सांग.” मला केवढं भरून यायचं! अख्ख्या जगात विचारणारा तू एकटाच. मग मी सांगत सुटायची. डोळ्यांत वाळू गेलीय. टाइप केलेली अक्षरं मुंग्यांसारखी कागदावरून उतरून जातात. भिंत श्वास घेते. आणि एकदा म्हटलं, वाटतं हिला कुठंतरी ठेवून द्यावं आणि झोपावं. तू कार्डं लिहून घेत होतास, कोपऱ्यात तारीख घालून. मला वाटलं, माणसाची सवय असते एकेक.

त्या दुपारी मी चुलीपाशी बसल्या बसल्या झोपले. अकरा महिन्यांची पोर रांगत आली, तिनं फडकं ओढलं आणि उकळतं दूध तिच्या डाव्या हातावर सांडलं. मी तिच्या रडण्यानंसुद्धा उठले नाही रे. शेजारच्या शिवणवाल्या मावशींनी दार ढकलून तिला उचललं, तेव्हा उठले. तू इस्पितळात आलास, तिच्या हाताचं बँडेज पाहिलंस आणि मला पहिला प्रश्न विचारलास, “किती वाजता डोळा लागला?” मी म्हटलं, सव्वातीनला. तू लिहून घेतलंस.

पोरीच्या ताब्यासाठी तू दावा लावलास, आणि कोर्टात तुझ्या वकिलांनी एक्केचाळीस कार्डं वाचली, तारीखवार. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, “हे शब्द तुमचेच ना, बाई?” मी म्हटलं, “हो साहेब, एक क्रियापद सोडून.” ‘ठेवून द्यावं’चं तू ‘टाकून द्यावं’ केलं होतंस. पण एका क्रियापदासाठी कोण थांबतं? पोर तुझ्याकडे गेली. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. तिला नेलंस त्या दिवशी घरी येऊन मी चौदा तास गाढ झोपले. आणि उठल्यावर मलाही वाटलं, की तुझंच बरोबर आहे. तेवढ्यासाठी मी तुला आजही माफ केलेलं नाही.

ती विसाव्या वर्षी माझ्या दारात आली. हातावरचा व्रण बाहीखाली झाकलेला, पिशवीत रबरबँड लावलेली कार्डं. तुझ्या कपाटात सापडली म्हणाली. शेवटच्या कार्डावर तू ‘स्लीपलेस’चा दाखला म्हणून छपाईसाठी वाक्य तयार केलं होतंस, “निद्राहीन आईच्या हातून बाळाला इजा झाली.” ते कोशात छापलंसही, माझ्याच मशीनवर दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेऊन. त्यानंतर ती तुझ्याशी बोललेली नाही. परगावी असते, दोन मुलं आहेत. धाकटा अजिबात झोपू देत नाही, पण तिचा नवरा त्याला घेऊन येरझाऱ्या घालतो.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी. डॉक्टरांनी तीनच महिने उरलेत म्हणून सांगितलंय. एकदा लेकीला पाहायचंय, पत्ता पाठव, निदान तिला कळव. मी काल तिला फोन केला. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, आठ वर्षांत पहिल्यांदा, “आई, बाबा कसे आहेत गं? जाऊन यावं का?” मी म्हटलं, ठणठणीत आहेत. पाठ टेकली की सकाळीच उठतात. “मग घाई नको,” ती म्हणाली, “बाळ जरा मोठं झालं, की पुढच्या वर्षी जाईन.” मी म्हटलं, जा की, पुढच्या वर्षी नक्की जा.

तुझीच,
टंकलेखिका