पातळ पत्रा

३ फेब्रुवारी
धाकट्याचा फोन. भाऊ असला तरी उपग्रहाच्या कामात माझं गिऱ्हाईकच! "ताई, उपग्रहाचं वजन मर्यादेत बसत नाहीये. मेमरीवरचा कवचाचा पत्रा पातळ केला तर चालेल?"
पृथ्वीभोवती अडकलेल्या प्रोटॉनांचा पट्टा आहे. त्यात कुठे किती मारा बसेल ते माझं मॉडेल सांगतं. सरासरी काढून पाहिली. वाईटात वाईट दिवसांचं गणित राहिलं — त्यात आठवडा गेला असता, आणि मला माझा शोधनिबंध संपवायचा होता. "चालेल," म्हटलं.

१९ जून
उपग्रह वर गेला! आई शेजारपाजारी सांगत सुटली — "माझ्या दोन्ही पोरांचा आहे तो."

८ जुलै
पट्टा जिथे खाली झुकतो तिथून गेला की उपग्रह बरळतो. मेमरीतले आकडे उलटेपालटे.

११ जुलै
राहिलेलं गणित आज केलं. पातळ पत्र्यामागे मेमरी टिकणं शक्यच नव्हतं.

१४ जुलै
बैठक. मोहिमेचे प्रमुख सगळ्यांदेखत धाकट्याला म्हणाले, "कवच तुमचंच होतं ना?" त्याने खालमानेने "हो" म्हटलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी? पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. मोठी बहीण म्हणे!

१५ जुलै
आई — "त्याला झालंय काय? नुसतं हं-हं करतो. तू तरी विचार."

१७ जुलै
उपग्रह मुका झाला. कितीही हाका मारल्या तरी ओ नाही.

१८ जुलै
धाकट्याच्या घरी गेले. जिन्यातच बोलून टाकलं — "चूक माझी. पुरतं गणित न करताच चालेल म्हटलं. उद्या प्रमुखांना सांगते."
ओरडेल वाटलं. तो पायरीवर मटकन बसला. "नको सांगूस. मी पत्रा पातळ केलाच नव्हता, ताई. तुझं 'चालेल' घाईतलं वाटलं. दुसरीकडचं वजन छाटलं आणि जाडच ठेवला — कुणाला न विचारता. म्हणून तर गप्प आहे."
केवढी हलकी झाले! तिथेच रडले. तो हसून म्हणाला, "वेडी!"

१९ जुलै
केस विंचरताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या मॉडेलप्रमाणे जाड पत्रा वाईटात वाईट दिवसांनाही पुरायला हवा होता. तरी मेमरी मेली. म्हणजे मॉडेलच मारा कमी सांगतंय! आणि त्याच आकड्यांच्या भरवशावर पुढच्या महिन्यात चार माणसं यानातून त्या पट्ट्यातून जायची आहेत.
प्रमुखांच्या दाराबाहेर बसलेय. आत हसण्याचा आवाज येतोय.