सुधाकरची घंटी

रविवार, मार्गशीर्ष. संध्याकाळ.

आज पुन्हा सुधाकर आणि मी सायकलीने गेलो. रोहण्याहून कालव्याची कच्ची वाट, संत्र्याच्या बागा, टेकडी उतरून नदी. या वाटेवर गाडी नाही, माणूस नाही. तरी सुधाकरची घंटी थांबेना.

उतारावर मी चिडलो. "काऊन वाजवून राह्यला बे? कोन हाय इथं?"

"तू हायेस ना! तू बी वाजवत जाजो. मले समजते रस्ता कुठं वळते ते."

मी हसलो, आणि मग हसू विरलं. त्याचा उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला होता. आता डावाही?

"घरी सांगू नको भौ. तुही वहिनी सायकलले कुलूप लावन."

परतताना मी पुढे राहिलो, प्रत्येक वळणावर घंटी वाजवत. मागून त्याची उत्तराला यायची. एका चढावर आली नाही, तेव्हा करकचून ब्रेक दाबला. वळून पाहिलं तर तो उभा राहून दम खात होता.

एरवी या वाटेवर मनात नाम चालतं. आज एकदाही आलं नाही.

सांगितलं तर त्याचा रविवार जाईल. पण कालव्याला कठडा नाही. उद्या वहिनींना सांगणार.

आत्ता आरतीला घंटी वाजवली, आणि मागून उत्तर येईल म्हणून थांबलो.