बाबांच्या चष्म्यावरची वाफ

रविवार, संध्याकाळ

बाबांच्या जुन्या गाडीच्या एसीत आज नव्या प्रकारचा गॅस भरून घेतला. जुना आता मिळतच नाही. मेकॅनिक भैया जुन्याच मापानं भरून राहिला होता, मी थांबवलं. हा कमीच लागतो. जास्त झाला तर गाडी उलट कमी थंड होते. बाबा चिडले, "काहून वं? पुरा भरू दे." ऐकलं नाही. चुकले का मी? नाही.

बाबांची परीक्षा एकच. पावसाळ्यात गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरली पाहिजे, तरच एसी चांगला. नवा रायपूरपर्यंत फिरवून आणलं. घरी उतरले अन् गेट चाचपडून राहिले. मी हात धरला. "सोड," म्हणाले. चष्मा पुसलाच नाही. तसेच आईला दाखवायला आत गेले.