चौदा नंबरचे सात अर्ज

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार, उभ्याउभ्याच. बसलो तर झोप लागेल.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी पावणेअकराला, चौदा नंबरवालीनं माझ्याकडे पेन मागितलं आणि मी कामातून गेलो. तू म्हणशील, कॉलेज अर्धवट सोडलंस तेव्हाच गेला होतास. नाही. तेव्हा नुसता कंटाळा होता.

कामाचं विचारलं होतंस. एक गल्ली उकरून नव्यानं करायची आहे: नळ, गटार, फूटपाथ, गाड्यांची जागा. नकाशा पक्का होण्याआधी रहिवाशांचं म्हणणं घ्यायचं, ते घेणारा मी. चौसष्ट घरं, घरटी एक सूचनेचा अर्ज. एकाला फूटपाथ रुंद हवा, शेजाऱ्याला गाडी लावायला जागा हवी, तिसऱ्याला दोन्ही हवं आणि वर आधीचे खड्डे कोणी पाडले तेही सांगा म्हणतो. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागलेत.

चौदामध्ये ती आणि तिची आई. ती चष्म्याच्या दुकानात असते. आई चाकाच्या खुर्चीत. दारासमोरच्या फूटपाथला हातभर उंच पायरी आहे, त्यामुळे दोघांनी खुर्ची उचलल्याशिवाय आई रस्त्यावर येत नाही. तिनं एवढंच लिहिलं, पायरी नको, उतार द्या. काही राहिलं का ते विचारायला मी पुन्हा गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून नवा अर्ज नेला, तोही तिच्याकडून भरून घेतला.

माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

अर्ज किती झाले ते मुद्दाम लिहिलं नाहीस ना? मी ओळखून आहे. तुझे भावोजी म्हणाले, हा रस्ता चौदा नंबरपर्यंतच होणार, पुढच्यांनी होडी काढावी. मला मात्र हसू आलं नाही. अरे, ते कागद कुणीतरी मोजणार आहे. आणि तिला तू फूटपाथ सोडून काही विचारलंयस का?

इकडे दोघी मुली तापात आहेत. मी पायांवर उभी आहे एवढंच.

जेवत जा, डोकं थंड ठेव.
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस नमस्कार.

सात झाले होते. काल शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. ऑफिसनं घरवार यादी फळ्यावर लावली आणि चौदापुढे सातचा आकडा. सोळा नंबरचे रेडिओ दुरुस्तीवाले काका उठले. आमच्या घरात माणसं सहा न् अर्ज एक, आणि दोन बायकांचे सात कसे, असं त्यांनी विचारलं. झालं, सगळा हॉल उसळला. आमच्या साहेबांनी आवाज न चढवता चौदाचे सगळे अर्ज बाद केले. खरा होता तोही गेला.

ती तिसऱ्या रांगेत होती. आईला काल मुद्दाम दोघांनी उचलून आणलं होतं.

आणि मी काय केलं? काकांच्या अंगावर धावून गेलो. त्यांची अक्कल काढली, त्यांचे रेडिओ काढले. खरं काय ते सोडून सगळं बोललो. पुढच्या सोमवारी नकाशा पक्का होतोय.

रागव, पण तोडू नकोस.
धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्या,

भांडणं तुला कधीच जड गेलं नाही. आता जड ते कर. साहेबांना लेखी दे: पहिला अर्ज तिचा, बाकीचे सहा ही माझी निमित्तं. नोकरी जाईल, जाऊ दे. बाहेरच्या खोलीत तुझ्यासाठी खाट टाकली आहे. भावोजी नाक मुरडतील, पण गादी तेच झटकून ठेवतील.

ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस,
लोभ ठेव, हे आधीच लिहितो. शेवटी हात चालेलसं वाटत नाही.

लेखी दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले. मग पहिला अर्ज परत फाइलमध्ये लावला, नकाशेवाल्याला बोलावून चौदासमोर पेन्सिलीनं उतार आखायला सांगितला, आणि माझं ओळखपत्र मागून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मोजायची टेप जागेवर ठेवून जा म्हटलं.

तिथून चौदामध्ये गेलो. दोघींसमोर सगळं सांगितलं. आईंनी विचारलं, उतार होणार ना नक्की. होणार म्हणालो. मग त्या खिडकीकडे बघत बसल्या.

ती म्हणाली, दुकानात मी सगळ्यांना सांगत होते, की आमच्या आईसाठी ऑफिसातला एक माणूस सात सात खेपा घालतो, अशीही माणसं असतात. हे सांगताना तिचा आवाजसुद्धा चढला नाही. पुन्हा येऊ नका, म्हणाली.

आईंना नमस्कार केला, चपला हातातच घेतल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.