लंबू, मी आणि अडकलेला रायबोसोम

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (रागात आहे म्हणून नीट वाकले नाही, समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचं घोरणं कमी झालं का? माझी तब्येत उत्तम, डोकं सोडून.

तू विचारलं होतंस, रायबोसोम म्हणजे काय गं. पेशीतलं प्रथिनं तयार करणारं यंत्र. त्याचे दोन भाग. छोटा भाग प्रथिनाच्या कृतीचा निरोप वाचतो, मोठा त्याबरहुकूम कड्या जोडतो. आमच्या प्रयोगशाळेतही तसंच होतं. मी बुटकी, कृती वाचणार. लंबू (माझ्याच टेबलावरचा, हात लांब, बोलणं आखूड) नळ्यांत थेंब सोडणार. सर कृती लिहून देऊन परिषदेला गेले, पण शेवटचं पान द्यायला विसरले. थांबायचं कुठे, ते त्याच पानावर. फोन उचलेनात. आम्ही आपले ढवळतोय, तापवतोय, पुन्हा ढवळतोय. शेवटी सगळ्याची चिकट खळ झाली.

निरोप असा अर्धवट तुटला की रायबोसोमही अडकतो. पण पेशीला अक्कल असते. ती दोन्ही भाग सुटे करते, अर्धवट प्रथिन मोडीत काढते, तुटका निरोप नष्ट करते आणि सुटे भाग नव्या कामाला लावते. सरांनी काय केलं? खळ कपाटात ठेवली, सगळ्यांना धडा म्हणून. स्वतःची तुटकी कृती जपून फाइलला लावली. फोडली ती आमची जोडी. "तुम्ही दोघं एकत्र असलात की काम बिघडतं," म्हणे, आणि मला पाठवलं मागच्या इमारतीत बाटल्या धुवायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लंबू आपला नळ्या पुसत उभा.

इथले हातमोजे मला दोन मापं मोठे आहेत. लंबूची आठवण मुळीच येत नाही. त्याला ते बरोबर बसले असते, एवढंच.

तुझी चिडलेली भाची

ता. क. सुटे झालेले भाग पुन्हा जुन्या जोडीदारालाच भेटतात असं नाही. मोठ्या भागाला समोर येईल तो छोटा भाग चालतो. हे शास्त्र मला साफ नामंजूर आहे. माझ्या जागी नवी मुलगी आली आहे आणि तीही बुटकीच.

आणखी एक ता. क. लंबूची आई तुझ्या शिवणवर्गाला येते ना? गुडघा दुखला तरी या रविवारी तिच्याकडे जा आणि आमच्या लग्नाचा विषय काढ. तो नाही म्हणणार नाही. त्याला फक्त कुणीतरी वाचून दाखवावं लागतं.